दिवसाचा हिशेब : दिल्लीचे शेख निजामुद्दीन आणि त्यांचा नोकरदार शिष्य

महाराष्ट्रातून दिल्लीकडे येणाऱ्या कित्येक गाड्या हजरत निजामुद्दीन या स्थानकावर येऊन थांबतात. बदलीचा हुकूम हाती घेऊन सामानसुमानासह येथे उतरणाऱ्या मराठी माणसाच्या कानी राजधानीतले पहिले नाव पडते ते बहुधा हेच. पुढे तो या नगरीत वर्षानुवर्षे राहतो, जाता-येता स्थानकाची पाटी वाचतो. पण ज्या पुरुषाच्या नावे हे स्थानक ओळखले जाते तो कोण होता, याची चौकशी करण्याचे त्याच्या मनात सहसा येत नाही. फार झाले तर एखाद्या गुरुवारी संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन तो दर्ग्यात कव्वाली ऐकायला जातो, आणि अमीर खुस्रोचे नाव घेऊन परत येतो. आम्हीही अनेक वर्षे याहून अधिक काही केले नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

पुढे एका पुस्तकाच्या निमित्ताने आमचे लक्ष या पुरुषाकडे वळले. ‘फवाइद-उल-फुआद’ असे त्या फार्सी ग्रंथाचे नाव. हा चरित्रग्रंथ नव्हे, तत्त्वज्ञानाचा प्रबंध तर नव्हेच. शेख निजामुद्दीन अवलिया यांच्या बैठकीत ज्या दिवशी जे बोलणे झाले, ते त्या त्या तारखेखाली टिपून ठेवलेली ती एक वही आहे. पहिली नोंद हिजरी ७०७ च्या शाबान महिन्यातली, म्हणजे इसवी सन १३०८ च्या जानेवारीतली. शेवटची १३२२ मधली. जवळजवळ पंधरा वर्षांत १८८ बैठकींच्या नोंदी झाल्या. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. तेव्हा ही वही सुरू झाली त्या वेळी ज्ञानेश्वरीला अवघी अठरा वर्षे झाली होती आणि नामदेव ऐन उमेदीत होते, इतके लक्षात ठेवले म्हणजे काळाची कल्पना येते.

ही वही लिहिणारा अमीर हसन सिज्जी हा लष्कराच्या सेवेतला पगारी माणूस होता. तो नामांकित फार्सी कवी होता, हे खरेच; हिंदुस्थानचा सादी म्हणून त्याची ख्याती होती. पण त्याचे पोट चाकरीवर होते, मोहिमेचा हुकूम सुटला की त्याला जावे लागे, आणि पगार थकला की त्याला झोप येत नसे. अशा माणसाने धर्माचरणाविषयी जे टिपून ठेवले ते आपल्यासारख्या चाकरमान्यांनी वाचण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

इस्लाममधील धर्माचरणाचा विचार करताना बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत प्रथम भरते ती त्यातील वेळेची शिस्त. पहाटे, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, सूर्यास्ताला आणि रात्री अशी पाच वेळा प्रार्थना. वर्षातून एक महिना पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य. संपत्तीचा ठराविक अंश गरजूंसाठी बाजूला काढणे. ही झाली चौकट. या चौकटीच्या आत मनाची जी घडण व्हावी अशी अपेक्षा असते, तिला ‘तकवा’ असा शब्द आहे. ईश्वर आपल्याला पाहत आहे या जाणिवेने सांभाळून वागणे, असा त्याचा साधा अर्थ. आणि ही जाणीव टिकावी म्हणून जी साधना सांगितली आहे तिचे नाव तर आपल्या दफ्तरी जगाला फारच जवळचे आहे. ‘मुहासबा’, म्हणजे हिशेब तपासणे. नवव्या शतकात बगदादेत होऊन गेलेला हारिस हा सत्पुरुष या साधनेवर इतका भर देई, की लोक त्याला ‘मुहासिबी’ याच नावाने ओळखू लागले.

पुढे इमाम गझाली (१०५८ ते ११११) यांनी ‘इह्या’ या आपल्या थोर ग्रंथात या हिशेबाची रीतसर पद्धतच घालून दिली. व्यापारी आपल्या भागीदाराशी जसा वागतो तसे माणसाने आपल्या मनाशी वागावे, असा त्यांचा दृष्टांत आहे. सकाळी त्याच्याशी अटी ठरवाव्या. दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी. रात्री बसून जमाखर्च पाहावा. तूट आली असेल तर दंड करावा, अधिक कष्ट घ्यायला लावावे आणि कानउघाडणीही करावी. आपल्याकडील जुन्या पेढीवरचा मुनीम रोजकीर्द लिहिल्याशिवाय दिवा मालवीत नसे. तोच प्रकार येथे अंतःकरणाच्या बाबतीत सांगितला आहे. यात चमत्कार नाही, समाधी नाही, साक्षात्काराचे आश्वासन नाही. रोजचे काम आहे आणि ते रोज करायचे आहे.

ही शिकवण ग्रंथात असणे वेगळे आणि एखाद्या गजबजलेल्या राजधानीत ती माणसांच्या अंगी उतरणे वेगळे. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या दिल्लीत ती कशी उतरली, याचे वर्णन जियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने करून ठेवले आहे. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या दिल्लीत माणसांना सरळ वागायला लावण्याचे दोन प्रयोग एकाच वेळी चालले होते.

पहिला प्रयोग सुलतान अलाउद्दीन खिलजीचा. मोठे सैन्य थोड्या पगारात पोसता यावे म्हणून त्याने बाजारातील भाव बांधून दिले. गहू मणाला साडेसात जितल, असा दर त्याने ठरविला. बाजारावर अधिकारी नेमले, त्यांच्यावर हेर नेमले, आणि हेरांवरही नजर ठेवली. मापात मारणाऱ्या दुकानदाराच्या अंगाचे तितकेच मांस कापून घेतले जाई, असे बरनी सांगतो. परिणाम तात्काळ झाला. दुकानदार धाकाने पुरते वजन देऊ लागले आणि दुष्काळी वर्षांतही भाव चढले नाहीत.

दुसरा प्रयोग शहराबाहेर यमुनेच्या काठी, घियासपूर नावाच्या खेड्यात चालला होता. तेथे शेख निजामुद्दीन राहत होते. त्यांच्यापाशी हेर नव्हते, शिक्षा नव्हती. कोणीही येई, त्याला ते शिष्य करून घेत आणि पूर्वीच्या पापांचा पश्चात्ताप व पुढे नीट वागण्याचा निश्चय, एवढेच मागत. बरनी म्हणतो की अलाउद्दिनाच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत शहराची हवाच पालटली. दिल्लीहून घियासपूरला जाणाऱ्या वाटेवर लोकांनी जागोजाग चौथरे बांधले, त्यांवर छपरे घातली, चटया अंथरल्या आणि पाण्याचे घडे भरून ठेवले. हेतू हा की जाता-येता कोणाची प्रार्थनेची वेळ चुकू नये. हातपाय धुण्याच्या भांड्यांना आणि चामडी पात्रांना इतकी मागणी आली की त्यांचे भाव चढले. पुस्तकविक्याच्या दुकानी सरदार व विद्वान गझालींच्या ‘इह्या’सारख्या ग्रंथांची चौकशी करू लागले. सुलतानाच्या दिल्लीत सर्व भाव बांधलेले असताना हातपाय धुण्याच्या भांड्यांचा भाव चढावा, ही नोंद आम्हांस मोठी बोलकी वाटते.

या पुरुषाचा स्वतःचा दिवस कसा जाई, हे त्यांच्या परंपरेतील ‘सियर-उल-औलिया’ या चरित्रग्रंथावरून कळते. ते बहुतेक दिवस उपवास करीत. वय ऐंशीच्या पुढे गेल्यावरही वरच्या मजल्यावरील खोलीतून उतरून खाली सामुदायिक प्रार्थनेला येत. दिवसभर भेटीस येणाऱ्यांची रीघ असे. विद्वान, शिपाई, दुकानदार, भिकारी, ज्याचे त्याचे दुःख ते ऐकून घेत. रात्रीच्या प्रार्थनेनंतर खुस्रो येऊन काही वार्ता सांगे. मग दाराला आतून कडी लागे आणि पुढची रात्र एकट्याची असे. पहाटे उपवासापूर्वीचे अन्न घेऊन सेवक येई. ते थोडेसे चाखून ताट दूर सारीत. सेवक आग्रह करू लागला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मशिदींच्या आणि दुकानांच्या ओट्यांवर इतकी माणसे उपाशी झोपली असताना आपल्या घशाखाली घास कसा उतरावा, असे ते म्हणत. त्यांच्या खानकाहमध्ये, म्हणजे मठात, अन्नछत्र अखंड चाले. न मागता आलेल्या देणग्या त्याच दिवशी वाटून टाकल्या जात, आणि दर शुक्रवारी प्रार्थनेपूर्वी कोठारे रिकामी करून झाडून घेतली जात. पुढच्या आठवड्यासाठी काही शिल्लक ठेवायचे नाही, हा नियम होता.

एवढा नियम त्यांच्या अंगी आला कोठून, हे पाहू लागले म्हणजे बदायूँमधील त्यांच्या बालपणाकडे जावे लागते. वडील लहानपणीच वारले. आई बीबी जुलेखा यांनी मुलाला वाढविले आणि शिकविले. घरात दाणा नसला की आज आपण ईश्वराचे पाहुणे आहोत, असे त्या माउलीने मुलास सांगावे. आणि मुलाने पुढे चार दिवस घरात धान्य असले म्हणजे पुन्हा पाहुणे होण्याचा दिवस केव्हा येईल, याची वाट पाहावी! ही आठवण शेख म्हातारपणीही काढीत. त्या मातेची कबर आजच्या दिल्लीत अधचिनी येथे आहे.

पुढे ते शिक्षणासाठी दिल्लीस आले, आणि विशीत अजोधन येथे, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या पाकपट्टणला, बाबा फरीद यांच्यापाशी गेले. त्या मठात दारिद्र्य इतके होते की रानातली फळे उकडून तीच जेवण म्हणून घेत. एकदा तरुण निजामुद्दीन यांनी त्यात घालायला वाण्याकडून थोडे मीठ उधार आणले. ताट पुढे येताच बाबा फरीद यांनी घासाला लावलेला हात मागे घेतला आणि हे मीठ कोठून आणले याची चौकशी केली. फकिराने भुकेने मरावे, पण जिभेसाठी कर्ज काढू नये, असे सांगून त्यांनी ते अन्न बाजूला ठेवायला लावले. चिमूटभर मिठासाठी एवढी कठोरता कशाला, असे एखाद्यास वाटेल. पण पुढची हकीकत वाचली म्हणजे या धड्याने काय केले ते कळते.

दिल्लीस परतल्यावर त्या तरुणाला दोन जुन्या गोष्टी आठवल्या. एका कापडवाल्याचे आपण वीस जितल देणे लागतो. आणि एका गृहस्थाचे पुस्तक वाचायला आणून ते आपल्याकडून हरवले आहे. हाती पैसा येई तो थोडा. दहा जितल साठताच ते कापडवाल्याकडे गेले, हे दहा घ्या आणि उरलेले मी सवडीने आणून देईन, असे म्हणाले. कापडवाल्याने ते दहा घेतले आणि बाकीचे माफ केले. मग ते पुस्तकाच्या धन्याकडे गेले. पुस्तक हरवले आहे. दुसरी प्रत मिळवून ती स्वतःच्या हाताने उतरवून देतो, असे त्यांनी सांगितले. त्या गृहस्थाने ते पुस्तक त्यांना भेट दिल्याचे सांगून मोकळे केले. पुढे ज्यांच्या दाराशी राजपुत्र येऊन उभे राहत, त्या शेख निजामुद्दीन यांनी ही वीस जितलांची आणि हरवलेल्या पुस्तकाची गोष्ट आपल्या बैठकीत स्वतः होऊन सांगितली आहे. धर्माचरणाची सुरुवात ते येथून करतात. देणे आधी फेडावे, मग माळ हाती घ्यावी.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. हे सारे विरक्ताला शक्य आहे. ज्याला कचेरी आहे, वरिष्ठ आहेत, बायकामुले आहेत, त्याने काय करावे? गंमत अशी की खुद्द शेखांनाही एके काळी एकांतात पळून जावेसे वाटले होते. सुलतान कैकुबादाने घियासपूरजवळ किलोखडी येथे नवे नगर वसविले, तेव्हा त्या शांत खेड्यात सरदारांची व सामान्यांची गर्दी होऊ लागली. आता येथून निघून जावे, असा विचार शेख करू लागले. त्याच दिवशी एक कृश, तेजस्वी तरुण त्यांच्याकडे आला आणि त्याने त्यांना ऐकविले की लोकांपासून दूर होऊन ईश्वराचे चिंतन करण्यात पुरुषार्थ तो कसला? लोकांत राहून ते करता आले पाहिजे. शेखांनी तेथेच राहण्याचा निश्चय केला आणि मरेपर्यंत, म्हणजे १३२५ पर्यंत, तो मोडला नाही.

लोकांत राहून करायचे म्हणजे काय करायचे, याचा खुलासा त्यांनी हसनच्या वहीत केला आहे. त्यांच्या मते ईश्वराची सेवा दोन प्रकारची असते. एकीचे फळ करणाऱ्यापुरतेच असते. प्रार्थना, उपवास, यात्रा, जप या त्यात येतात. दुसरीचे फळ इतरांना मिळते; भुकेल्याला अन्न, दुःखिताला धीर, अडल्याला मदत या तिच्यात येतात. पहिलीला ‘लाजिम’ आणि दुसरीला ‘मुतअद्दी’ असे शब्द ते वापरतात. अरबी व्याकरणात हेच शब्द अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांना लावतात, हे कळले म्हणजे या वर्गीकरणातील मार्मिकता ध्यानात येते. पहिल्या प्रकारात मन पूर्ण शुद्ध नसेल तर केलेले वाया जाते; दुसऱ्या प्रकाराचे पुण्य मात्र मोजता येत नाही, असा त्यांचा निर्णय होता. पाच वेळच्या प्रार्थनेचा एवढा कडक पुरस्कर्ता हे म्हणतो, म्हणून त्याला वजन आहे.

आता हसनकडे वळू. तो शेखांकडे आला तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. शेखांचे बोलणे तो घरी जाऊन गुपचूप लिहून ठेवी. वर्ष-सव्वा वर्षाने त्याने भीत भीत ही गोष्ट गुरूंना सांगितली आणि कागद पुढे ठेवले. शेखांनी ते वाचले. मधेमधे कोऱ्या जागा दिसल्या, तेव्हा कारण विचारले. ते शब्द मला नीट आठवले नाहीत म्हणून जागा सोडली, असे हसनने सांगितले. शेखांनी त्या जागा भरून दिल्या. कवीला एखादे वाक्य आपल्या पदरचे घालणे काय कठीण होते? पण न आठवलेल्या ठिकाणी त्याने कोरा कागद ठेवला. लेखनाचा हा प्रामाणिकपणा त्या शिस्तीचाच भाग होता, असे आम्ही समजतो.

एकदा हसनचा पगार थकला. तो खिन्न होऊन बैठकीत आला. शेखांनी कारण ओळखले आणि एक गोष्ट सांगितली. एका गावी एक श्रीमंत ब्राह्मण होता. तेथल्या अधिकाऱ्याने त्याचे सर्वस्व जप्त करून त्याला भिकेस लावले. पुढे वाटेत एक स्नेही भेटला. त्याने कसे काय चालले आहे म्हणून विचारले, तर ब्राह्मणाने उत्तम चालले आहे असे सांगितले. सर्व गेले असता उत्तम कसे, असे त्याने विचारताच, आपले जानवे अजून आपल्यापाशी आहे, असे उत्तर त्याने दिले. ही गोष्ट सांगून शेखांनी हसनला मर्म कळले का म्हणून विचारले. हसन लिहितो की आपले मन तत्क्षणी हलके झाले. थकलेल्या पगाराचे दुःख ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या गोष्टीने पगार मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. हसनलाही तो त्यामुळे मिळाला नाही. पण एका मुसलमान साधूने आपल्या शिष्याला मनाचा तोल शिकविण्यासाठी ब्राह्मणाच्या जानव्याचा दाखला द्यावा, आणि शिष्याने तो जसाच्या तसा लिहून ठेवावा, हे त्या काळच्या दिल्लीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

याहून मोठ्या कसोटीचा प्रसंग आपल्याच मुलखात घडला. हसनपाशी मलीह नावाचा एक गुलाम होता. शेखांचा अनुग्रह मिळाल्यावर हसनने त्याला मुक्त केले आणि तोही शेखांचा शिष्य झाला. या मार्गात धनी आणि गुलाम असा भेद राहत नाही, असे शेख तेव्हा म्हणाले होते. पुढे हसन लष्कराबरोबर देवगिरीस गेला. हाच मलीहही तेथे होता. त्याने छावणीत एक लहान मुलगी दासी म्हणून विकत घेतली. लष्कर दिल्लीला परतण्याच्या बेतात असता मुलीचे आईबाप रडत आले, सोबत सोडवणुकीचे पैसे आणले आणि मुलगी परत द्या म्हणून विनवू लागले. हसनचे मन कळवळले. त्याने आपल्या पदरचे पैसे मलीहला देऊन मुलगी विकत घेतली, आणि आईबापांच्या स्वाधीन केली. त्यांनी आणलेले पैसेही त्यांना परत दिले. दिल्लीस आल्यावर त्याने हे शेखांना सांगितले, आणि त्यांनी चांगले केलेस म्हणून त्याची वाखाणणी केली.

त्यावर शेखांना बदायूँमधले आपले एक गुरू, मौलाना अलाउद्दीन उसूली, आठवले. त्यांनी घेतलेली एक दासी एके पहाटे दळता दळता रडत होती. विचारल्यावर, मागे गावी आपला मुलगा राहिला आहे, असे तिने सांगितले. मौलानांनी तिला बरोबर भाकरी दिल्या, गावाबाहेर नेऊन तिच्या गावची वाट दाखविली आणि सोडून दिले. केवळ बाह्य शास्त्र जाणणारे पंडित हे मान्य करणार नाहीत. पण त्यांनी काय केले ते समजून घेण्यासारखे आहे, असा शेखांचा अभिप्राय पडला.

देवगिरीच्या छावणीत त्या आईबापांनी जो आक्रोश केला तो बहुधा मराठीतच केला असेल. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. यादवांचे राज्य बुडाले, त्या धामधुमीत अशा किती मुली दिल्लीच्या वाटेला लागल्या असतील, त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. एक मुलगी परत आली, कारण ज्याच्यापाशी तिचे आईबाप पोहोचले तो माणूस बरीच वर्षे आपल्या मनाचा जमाखर्च पाहायला शिकला होता. गुलामगिरीची प्रथा चुकीची आहे, असे मात्र त्या बैठकीत कोणी म्हटल्याचे दिसत नाही. स्वतः मुक्त झालेला मलीहदेखील दुसऱ्याचे मूल विकत घेतो, यात त्या काळाची मर्यादा स्पष्ट दिसते. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. व्यक्तीची शुद्धी प्रथेला हात लावतेच असे नाही. पण प्रथा उभी असतानाही एका माणसाला काय करता येते, हे येथे दिसते.

सरकारी चाकरीबद्दल शेखांचे मत काय होते, हे विचारल्याशिवाय आमचे वाचक आम्हांस सोडणार नाहीत. ज्यांना आपले वारस म्हणून पुढे दीक्षा देण्याचा अधिकार द्यायचा, त्यांना ते दरबारची चाकरी वर्ज्य करीत. काझी मुहियुद्दीन काशानी या विद्वानाने त्यांच्यासमोर आपली सनद फाडून टाकली होती. पुढे घरी उपासमार होऊ लागली, तेव्हा सुलतानाने त्यांना अवधची काझीगिरी देऊ केली. परवानगी घेण्यास ते शेखांकडे आले. आधी मनात हा विचार आला असेल, तेव्हाच हे बोलावणे आले, असे म्हणून शेखांनी दिलेला अधिकार काढून घेतला आणि वर्षभर परत दिला नाही. स्वतः त्यांनी जमिनीचे दान घेतले नाही आणि सुलतानाची भेटही टाळली. तथापि सामान्य शिष्यांना हा नियम नव्हता. खुस्रो दरबारी राहिला, हसन लष्करात राहिला, बरनीही राजसेवेत शिरला. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच, की चाकरी करावी, पण मन तिला विकू नये. ही अपेक्षा फकिराच्या नियमाहून सोपी आहे, असे आम्हांस वाटत नाही. सनद एकदाच फाडावी लागते. कचेरीत मात्र रोज जावे लागते.

वैराच्या बाबतीतही नियम असाच होता. इंद्रपतचा छज्जू नावाचा कोणी मनुष्य शेखांचा विनाकारण द्वेष करी. तो मेल्याचे कळताच शेख त्याच्या दफनाला गेले आणि आपल्याकडून त्याला सर्व क्षमा असल्याचे सांगून त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. काट्याला काटा लावत गेले तर वाट काट्यांनीच भरून जाईल, या अर्थाचे त्यांचे बोलणे हसनने नोंदविले आहे.

आता त्या दोन प्रयोगांचे पुढे काय झाले? अलाउद्दीन १३१६ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा मुबारकशाह गादीवर येताच भावबांधणीचे नियम ढिले पडले, हेर दिसेनासे झाले आणि मापे पुन्हा हलकी झाली. धाक गेला तशी सचोटीही गेली. पण बरनी एवढ्यावर थांबत नाही. त्या विलासी कारकिर्दीत दिल्लीचे लोकही पुन्हा दारू आणि रंगढंग यांकडे वळले, हेही तो सांगतो. म्हणजे शेख हयात असताना, घियासपूरचे दार उघडे असताना, गर्दी ओसरली. वाटेवरचे सगळेच चौथरे हवेतील फॅशनचे नव्हते, पण काही होते, असे म्हणावे लागते. बाहेरून घातलेली शिस्त राजाबरोबर जाते. गर्दीच्या लाटेबरोबर आलेली भक्ती लाटेबरोबर ओसरते. उरतात ती हसनसारखी माणसे, ज्यांनी ती रोज, थोडी थोडी आणि एकट्याने अंगी बाणविली.

आणि हसनची कसोटी पुढेच होती. शेखांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १३२७ च्या सुमारास, महंमद तुघलकाने दिल्लीच्या प्रतिष्ठितांना दौलताबादेस जाण्याचा हुकूम दिला. सत्तरी ओलांडलेला हसनही निघाला. गुरूंची कबर मागे राहिली, यमुना मागे राहिली. ज्या देवगिरीत त्याने एका मुलीला तिच्या आईबापांच्या हवाली केले होते, तेथेच त्याची शेवटची बदली झाली. शेखांचे दुसरे थोर शिष्य बुरहानुद्दीन गरीब हेही तेथे आले आणि १३३७ मध्ये वारले. जवळच्या ज्या गावी त्यांचे दफन झाले त्याला आपण खुलताबाद म्हणतो. हसनची कबरही त्याच परिसरात आहे. वेरूळची लेणी पाहून परतताना आपल्यापैकी पुष्कळजण तेथे औरंगजेबाची साधी कबर पाहण्यास थांबतात. दिल्लीच्या त्या लष्करी चाकरमान्याची कबर मात्र क्वचितच कोणी विचारतो.

आम्ही मराठी माणसे आज त्याच्या शहरात चाकरी करतो आणि तो आमच्या मुलखात विसावला आहे. पुढच्या रजेत घरी जाल तेव्हा वेरूळहून खुलताबाद फार दूर नाही. आणि रजा मिळेपर्यंत, येथे दिल्लीत, हुमायूनच्या मकबऱ्यामागे शेखांच्या राहत्या जागेचा जुना भाग अजून उभा आहे. तेथे कव्वाली नसते, गर्दीही नसते. आम्ही परवा संध्याकाळी तेथे गेलो होतो. थोडा वेळ बसलो आणि परतताना, एका स्नेह्याचे दोन वर्षांपूर्वी वाचायला आणलेले पुस्तक आपल्या कपाटात पडून आहे, हे आम्हांस आठवले. ते दुसऱ्या दिवशी पोचते केले.